प्राणवायू आणि न भरणारा व्रण

‘ऑक्सिजन’ हे नाव अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिये ह्या फ्रेंच रसायनज्ञाने घडविले, ते ‘अम्लजनक’ ह्या अर्थाने. सर्व अम्लांत हा वायू असतोच, ही त्यामागील कल्पना पुढे चुकीची ठरली. नाव मात्र टिकले. मराठीतील ‘प्राणवायू’ हा शब्द त्याहून पुष्कळ जुना, आयुर्वेदातील पंचवायूंपैकी एकाचा वाचक होय. नव्या अर्थी योजला गेल्यावरही जीवनदायित्वाची छटा त्याने सोडली नाही. वायूवरील हा विश्वास अर्थात एका भाषेपुरता नव्हता. हेन्शॉ ह्या इंग्रज वैद्याने १६६२ मध्येच भात्याने हवा दाबून भरलेल्या बंद खोलीत रोगी ठेवण्याची कल्पना मांडली होती. ऑक्सिजनचा शोध लागण्यास तेव्हा शतकाहून अधिक अवधी होता.

मधुमेहाशी ह्या उपचाराचा संबंध प्रथम जोडला गेला तो काहीशा विपरीत रीतीने. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९२८ मध्ये कनिंगहॅम ह्या डॉक्टरांनी ६४ फूट व्यासाचा पोलादी गोल उभारून त्यात दाबलेल्या हवेखाली रोगी ठेवले. हवेवाचून वाढणारे जंतू हेच मधुमेहाचे आणि कर्करोगाचेही मूळ, असे त्यांचे मत होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पुरावा मागितला. तो कधीच पुढे आला नाही, आणि तो प्रचंड गोल अखेर मोडीत निघाला.

शास्त्रीय पाया पडला तो १९६० मध्ये, ॲम्स्टरडॅम येथे. बूरेमा ह्यांच्या प्रयोगात रक्त जवळजवळ संपूर्ण काढून त्याजागी पेशीविरहित द्रव भरलेली डुकरे, त्या द्रवात दाबाखाली विरघळलेल्या प्राणवायूवर जगली. मधुमेह्याच्या पायात धमन्या अरुंद होतात, संवेदना मंदावते. जंतू मारण्यास आणि नवे तंतू विणण्यास पेशींना लागणारा प्राणवायू तेथे पुरेसा पोहोचत नाही. तेव्हा रक्तद्रवातूनच तो पोहोचवावा, हा तर्क सयुक्तिकच म्हटला पाहिजे.

परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. स्वीडनमधील २०१० च्या चाचणीत ९४ रोग्यांपैकी काहींना दाबाखाली प्राणवायू, तर इतरांना तितक्याच दाबाखाली साधी हवा देण्यात आली. कोणाला काय मिळते हे रोगी वा वैद्य कोणासच ठाऊक नव्हते. वर्षाअखेर व्रण भरण्याचे प्रमाण अनुक्रमे ५२ व २९ टक्के आढळले. कनिंगहॅमकडे नव्हती ती हीच तुलना. तथापि २०१६ मधील कॅनडातील चाचणीत, १०३ रोग्यांत, असा लाभ दिसला नाही. नेदरलंड्समधील १२० रोग्यांच्या चाचणीचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोही निर्णायक नव्हता. मात्र उपचारासाठी निवडलेल्यांपैकी ३५ टक्के रोगी तो ठरल्याप्रमाणे पुरा करू शकले नाहीत. ज्यांनी तो पुरा केला त्यांचे पाय अधिक प्रमाणात वाचले खरे. पण असे रोगी मुळातच अधिक सशक्त असण्याचा संभव असल्याने, त्या लाभाचे श्रेय प्राणवायूला किती द्यावयाचे हा वाद मिटलेला नाही.