वखार आणि निशाण

भातसानगरहून मुंबईकडे निघाले की कल्याण लागते. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांनी घेतली व तेथील खाडीत मराठ्यांची गलबते बांधली जाऊ लागली. समुद्राशी संबंध आला तसा टोपीकरांशीही आला. त्यांचा व्यापार हवा, परंतु राज्यकारभारात त्यांचा हात नको, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

पन्हाळ्याचा वेढा (1660) आपण शाळेत शिकतो. त्यात इंग्रजांनी काय केले, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन सिद्दी जौहरच्या छावणीत गेला. इंग्रजांनी आपले निशाण लावून गडावर मारा केला. व्यापाऱ्याने तराजू सोडून तोफ धरली! 1661 मध्ये महाराजांनी राजापूर लुटले आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. ते 1663 मध्ये सुटले.

पण दार कायमचे बंद झाले नाही, हे विशेष. 1674 मध्ये राज्याभिषेकास आलेल्या हेन्री ऑक्झेंडनशी तह झाला. राजापूरच्या नुकसानीबद्दल दहा हजार होन मान्य झाले, शेकडा अडीच जकातीवर व्यापार खुला झाला. फुटलेल्या जहाजांवरील हक्क सोडण्याची त्यांची मागणी मात्र महाराजांनी नाकारली. तो किनाऱ्यावरील सत्तेचा प्रश्न होता.

1679 मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर महाराजांनी तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी आरमार पाठवून ती अडवू पाहिली. त्यांच्याशी झुंजणाऱ्या मराठी आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता. इंग्रजांच्या बाजूला सिद्दी, महाराजांच्या बाजूला दौलतखान! हा झगडा धर्माचा नव्हता, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. 1680 मध्ये समेट झाला. खांदेरी महाराजांकडेच राहिली आणि इंग्रजांचा व्यापारही राहिला.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या अनुभवाचा नियमच झाला. टोपीकरांना व्यापार करू द्यावा, पण जागा समुद्रकाठी न देता आत, गावाजवळ द्यावी, पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्याचा आशय आहे.

पेशव्यांना याचा विसर पडला. आंग्र्यांचे आरमार मोडण्यासाठी नानासाहेबांनी इंग्रजांनाच सोबत घेतले आणि 1756 मध्ये विजयदुर्ग पडला. घरच्या भांडणात परक्याला बोलावण्याची ही सवय दुसऱ्या बाजीरावाने पुरी केली. होळकरांच्या भीतीने तो पळाला आणि 31 डिसेंबर 1802 रोजी वसईत, म्हणजे 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या गावी, त्याने तह केला. इंग्रजांची फौज पदरी आली, तिच्या खर्चासाठी मुलूख गेला आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या राज्याशी बोलणे करण्याची मुभाही उरली नाही.