आगबोटीपासून गावापर्यंत

बाल्टिक समुद्रातून जहाजाने पर्यटन करून आलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी परवा एक गमतीची तक्रार आम्हांस ऐकविली. प्रवासाच्या कार्यक्रमात एका दिवसापुढे ‘बर्लिन’ असे छापलेले होते. प्रत्यक्षात जहाज लागले ते वॉर्नेम्युंडे नावाच्या एका लहानशा किनाऱ्याच्या गावी, आणि तेथून बर्लिन दोनशे किलोमीटरांहूनही दूर. दिवसाचा बराच भाग आगगाडीत गेला. उलट एस्टोनियाच्या टॅलिन शहरी धक्क्यावर उतरून जुन्या तटाच्या आत पायी चालत जाता आले. ‘समुद्रप्रवासात समुद्राची अडचण नसते हो,’ ते म्हणाले, ‘बोटीतून उतरल्यावर गावात पोचायचे कसे, हीच खरी अडचण.’

हे ऐकून आम्हांस हसू आले, आणि थोडे वाईटही वाटले. कारण ज्या मुलखात आम्ही राहतो, त्या बेळगाव-बेळगुंदीच्या मुलखाचे बंदरही एके काळी असेच सव्वाशे किलोमीटरांवर होते. त्याचे नाव वेंगुर्ले. बेळगावच्या पश्चिम अंगाला आजही एका रस्त्यास ‘वेंगुर्ला रोड’ म्हणतात आणि दुसऱ्यास ‘रामघाट रोड’. रोज त्यांवरून जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात येत असेल, की ही नावे समुद्राची वाट दाखविणारी आहेत?

इतिहासाच्या पुस्तकांत जहाजांचे वर्णन असते आणि शहरांचेही असते. जहाज आणि शहर यांच्यामधल्या अंतराचे मात्र सहसा नसते. परंतु आमच्या भागाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहता, बंदराचे आणि त्याच्यावर पोसलेल्या गावांचे भाग्य या मधल्या अंतरानेच ठरविले, असे आमचे मत झाले आहे.

वेंगुर्ले हे काही इंग्रजांनी वसविलेले बंदर नव्हे. डच व्यापाऱ्यांनी १६३७ मध्ये येथे आपली वखार घातली. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यास ही जागा त्यांस सोयीची होती. पुढे १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाकडून हे बंदर इंग्रजांच्या हाती गेले. १८१८ मध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला व तेथे इंग्रजांची छावणी पडली, तेव्हा या दोन ठिकाणांचा संबंध जडला तो सत्तर वर्षे टिकला. मुंबईहून निघालेली पलटण समुद्रमार्गे वेंगुर्ल्यास उतरे व घाट चढून बेळगावास येई. वेंगुर्ल्याच्या एका भागास लोक अजून ‘कॅम्प’ म्हणतात, आणि बेळगावातही ‘कॅम्प’ आहेच. एका वाटेच्या दोन टोकांना राहिलेल्या या दोन खुणा होत. पलटणीच्या मागोमाग व्यापार आला. धारवाड-हुबळीकडचा कापूस कुमठ्याप्रमाणेच वेंगुर्ल्यासही उतरू लागला. घाटावरचा गूळ व धान्य खाली जाई, आणि मीठ, नारळ, आमसुले व सुकी मासळी वर येई.

आता बोटीतून उतरण्याचा प्रकार पाहू. वेंगुर्ल्याचा किनारा उथळ आणि समुद्राला उघडा. आगबोट धक्क्याला लागणे शक्यच नव्हते. ती दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही व भोंगा वाजवी. मग किनाऱ्यावरून पडाव निघत. पडाव आगबोटीच्या कुशीला आला, की लाटेबरोबर तो वर चढे व खाली जाई. तो वर येईल तो क्षण साधून उतारूने शिडीवरून पाऊल टाकावयाचे. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या, तान्ही मुले, सोवळ्यातल्या आजीबाई, सर्वांस खलाशी हातोहात उतरवून घेत. वल्ही मारीत पडाव किनाऱ्याकडे येई. ओहोटी असली तर तोही अलीकडेच थांबे, आणि शेवटची काही पावले गुडघाभर पाण्यातून, किंवा खलाशाच्या खांद्यावरून, पार पडत. मालवण, देवगड, रत्नागिरी, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच तऱ्हा. मुंबईहून शेकडो मैल आणणाऱ्या बोटीपेक्षा ह्या शेवटच्या अर्ध्या मैलाचीच धास्ती लोकांस अधिक वाटे, असे जुनी माणसे सांगत. पावसाळ्याचे चार महिने तर बोटच बंद. तेव्हा बंदर असून नसल्यासारखे.

आमच्या व्यवसायामुळे या प्रसंगाकडे कायद्याच्या दृष्टीनेही पाहावेसे वाटते. समुद्रावरील मालवाहतुकीचा १९२५ चा जो कायदा आपल्याकडे होता (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली), त्यात ‘वाहतूक’ म्हणजे माल जहाजावर चढविल्यापासून जहाजावरून उतरविला जाईपर्यंतचा काळ, अशी व्याख्या होती. म्हणजे जहाजाच्या कडेवरून गठ्ठा खाली गेला, की त्या कायद्याने आपला हात काढून घेतला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र माल तेव्हा पोचलेला नसे. तो पडावात असे, लाटेवर असे, आणि पुढे घाट उभा असे. जहाजाच्या कडेवरची ही रेघ न्यायालयाच्या सोयीची खरी, पण माणसांचा प्रवास काही त्या रेघेवर संपत नाही. तेथून पुढे लेखी कराराऐवजी ओळखपाळख चाले. तांडेलाचा शब्द चाले, आणि गाडीवानाची इमानदारी चाले.

या गाडीवानांचे कामही सोपे नव्हते. बेळगावची जुनी लष्करी वाट रामघाटाची. ती चढणीस अतिशय अवघड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीचा, म्हणजे पारपोलीचा घाट गाडीरस्त्याच्या सोयीने बांधण्यात आला, तेव्हा बैलगाड्यांची रीघ त्या बाजूस वळली. घाट चढण्यास जादा बैल जोडावे लागत, रात्रीच्या मुक्कामांवर गाड्यांचे तळ पडत. आमच्या पश्चिम भागातील खेड्यांतून सुगी आटोपल्यावर वेंगुर्ल्याची खेप करणारी माणसे असत, असे आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. शेताच्या उत्पन्नाला त्या खेपेचा हातभार लागे. शिवाय गाडीबरोबर भाषाही वर-खाली करीत होती. खाली कोकणी व मालवणी, वर मराठी व कन्नड. सौदा करणाऱ्यास या साऱ्या थोड्याथोड्या येणे भागच होते. बेळगावच्या पेठेत कोकणी घरे कशी आली, याचे एक उत्तर या रस्त्यात आहे.

हे सारे बदलले ते कोणा शत्रूने बंदर जाळल्यामुळे नव्हे. १८७८ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग घालण्याचा मार्ग मोकळा झाला. १८८७ मध्ये सदर्न मराठा रेल्वे बेळगावास पोचली. १८८८ मध्ये मुरगाव ते कॅसलरॉक हा मार्ग, दूधसागराच्या धबधब्याजवळून जाणारा, वाहतुकीस खुला झाला. मुरगावास पाणी खोल, बंदरास बांधाचा आडोसा, आणि धक्क्यालगत रुळांवर मालगाडी उभी. जहाजातून निघालेला गठ्ठा थेट वाघिणीत पडे. पडाव नको, खांदा नको, घाटात जादा बैल नकोत. समुद्र तोच होता, आणि मुंबईहून येणाऱ्यास मुरगाव तर वेंगुर्ल्यापेक्षा दूर. तरी व्यापार तिकडे गेला. कारण व्यापारी समुद्रावरचे अंतर मोजीत नाही, तो मधले हात मोजतो.

वेंगुर्ले यानंतर लगेच ओस पडले असे नव्हे. मुंबईच्या चाकरमान्यांची आगबोट पुढे कित्येक दशके तेथे थांबत होती, आणि पडावही तिच्याकडे जात होते. परंतु ते आता सावंतवाडी-कुडाळकडच्या उतारूंचे बंदर झाले. बेळगावचे राहिले नाही. ज्या खेड्यांना वेंगुर्ल्याच्या खेपेचा आधार होता, त्यांचा तो आधार तुटला. व्यापाऱ्याने मार्ग बदलला, रेल्वेने नफा-तोटा मांडला, दप्तरांत आकडे राहिले. पण तांडेल आणि गाडीवान यांचे काय झाले, हे दप्तर विचारीत नाही. सुधारणा नको होती, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. लाटेवर तान्हे मूल हातोहात देण्याची पाळी ज्या आईवर आली असेल, ती मुरगावच्या धक्क्यास दुवाच देईल. आमचे म्हणणे एवढेच, की मधले हात नाहीसे करताना ते हात कोणाचे होते याची नोंद तरी ठेवावी.

हा प्रश्न जुना झाला असेही समजू नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणची आगबोट बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सलग सुरू झाली. पण ‘सावंतवाडी रोड’ हे स्थानक मळगावात आहे, आणि वाडीत जाणाऱ्यास गाडीतून उतरल्यावर रिक्षा शोधावीच लागते. २०२१ मध्ये वेंगुर्ले तालुक्यातच चिपी येथे विमानतळ झाला. तेथे उतरणाराही बाहेर आल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतो. मुरगावास पर्यटकांची मोठी जहाजे लागतात, आणि त्यांतून उतरणारे परदेशी पाहुणे जुन्या गोव्यास कसे जावे याची चौकशी करतात. बर्लिनची वाट विचारणारे आमचे स्नेही आणि हे पाहुणे यांच्यात फरक तो काय?

तेव्हा कोणी नव्या बंदराची, नव्या स्थानकाची वा नव्या विमानतळाची घोषणा केली, की आमच्या वाचकांनी आनंद जरूर मानावा. पण लगेच दोन प्रश्न विचारावेत. तेथून गाव किती लांब आहे? आणि मधल्या वाटेवर हात कोणाचे असणार? वेंगुर्ल्याच्या वाटेने आम्हांस हे दोन प्रश्न शिकविले आहेत. त्या वाटेचे नाव अजून बेळगावच्या रस्त्यावर आहे, तोवर ते विसरण्याचे कारण नाही.