अंधारलेल्या पडद्याची साक्ष

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील सनीव्हेलच्या एका मद्यालयात ‘अटारी’ कंपनीच्या ‘पाँग’ या खेळाचे पहिले यंत्र नाणी गिळत होते. ते बनवणाऱ्या ॲलन अल्कॉर्न यांनी त्यात हिताचीचा साधा कृष्णधवल टीव्ही बसवला होता. आपल्या घरातला टीव्ही आणि तो खेळ, दोघांचा जीव एकाच वस्तूत होता: पिक्चर ट्यूब. तिची मूळ नळी जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये घडवली.

‘ट्यूब गेली’ हे मेकॅनिकचे शब्द ऐकले की घरात शांतता पसरे, कारण संचातला सर्वांत महाग भाग तोच. जुन्या खेळयंत्रांबाबतही हाच निकाल फार लवकर दिला जातो. वास्तविक पडदा काळा पडण्यामागे वाळलेला कपॅसिटर, निकामी फ्लायबॅक किंवा तडकलेला सांधा, काहीही असू शकते. दुरुस्ती करणाऱ्यांच्या शेजारी बसून मी एवढे शिकलो की ट्यूबची साक्ष तिच्याकडूनच घ्यावी.

ही साक्ष घेणे जोखमीचे असते. वीज तोडल्यावरही रंगीत ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार साठून राहू शकतो. तो जाणकाराने उतरवल्याशिवाय हात लावू नये. मग मानेकडे पाहायचे. आतल्या काचेवर बेरियमचा रुपेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा आत शिरली आहे, आणि मग उपाय नाही. डाग शाबूत असल्यास मीटरने हीटरची तार अखंड आहे का ते तपासतात आणि तिला ठरलेला, बहुधा ६.३ व्होल्टचा, दाब देतात. मानेत नारिंगी उजेड दिसतो.

इथेच अनेकांची फसगत होते. हीटर पेटला म्हणजे ट्यूब चांगली, असे नव्हे. तो फक्त कॅथोड तापवतो. कॅथोडवरच्या ऑक्साइडच्या लेपातून पुरेसे इलेक्ट्रॉन निघतात की नाही, हे टेस्टरच कळवतो. रंगीत ट्यूबमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तिन्ही गनची मोजणी वेगवेगळी करावी लागते. काटा रेंगाळत चढला तर लेप झिजलेला समजावा. जादा दाब देऊन त्याला पुन्हा तरतरी आणता येते, पण तो शेवटचा उपाय. त्यात ट्यूब कायमची जाऊही शकते.

याउलट, १९८० च्या ‘पॅक-मॅन’च्या यंत्रांत भूलभुलैयाच्या रेषा पडद्यावर भाजलेल्या आढळतात. तो फॉस्फरवरचा वापराचा डाग आहे, कॅथोडच्या मरणाचा दाखला नव्हे.

हा भेद महत्त्वाचा, कारण अशा ट्यूबांचे मोठे कारखाने आता बंद झाले आहेत. १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर थेट रेषा ओढतो आणि गोळी ठिणगीसारखी लखलखते. सपाट पडदा तीच रेषा ठिपक्यांनी जुळवतो. जिवंत ट्यूब काढून सपाट पडदा बसवला तर यंत्र चालते, पण १९७९ मध्ये खेळणाऱ्याने काय पाहिले याचा पुरावा भंगारात जातो. तासाभराची तपासणी तो वाचवू शकते.