फॉक्स ब्रॉडकास्टिंग कंपनी विरुद्ध डिश नेटवर्क

फॉक्स ब्रॉडकास्टिंग कंपनी विरुद्ध डिश नेटवर्क हा अमेरिकेतील प्रताधिकार कायद्यासंबंधीचा एक महत्त्वाचा खटला होय. पैसे भरून दूरचित्रवाणी पाहणाऱ्या ग्राहकाने घरच्या सेट-टॉप बॉक्सवर येणारा कार्यक्रम इंटरनेटमार्फत घराबाहेर, स्वतःच्या मोबाइलवर किंवा टॅब्लेटवर पाहिला, तर ते प्रसारण ग्राहक करतो की कंपनी, हा त्यातील एक प्रमुख प्रश्न होता. खटला मे २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील संघराज्यीय जिल्हा न्यायालयात दाखल झाला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तडजोडीने मिटला. जानेवारी २०१५ मध्ये न्यायाधीश डॉली जी यांनी या प्रश्नावर बहुतांशी डिशच्या बाजूने निकाल दिला. यातील डिश नेटवर्क ही कोलोरॅडो राज्यातील उपग्रह दूरचित्रवाणी कंपनी असून भारतातील डिश टीव्हीशी तिचा संबंध नाही.

पार्श्वभूमी

घरी ध्वनिचित्रमुद्रण करून कार्यक्रम नंतर पाहणे अमेरिकेत १९८४ पासून कायदेशीर मानले जाते. त्या वर्षी सोनी कंपनीच्या बेटामॅक्स यंत्राविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असे मुद्रण हा ‘न्याय्य वापर’ ठरवला. मात्र तो निकाल वेळ बदलून पाहण्यापुरता होता. जागा बदलून पाहण्याचा प्रश्न तेव्हा उद्भवलाच नव्हता.

तो पुढे आणला स्लिंगबॉक्स या उपकरणाने. ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन या बंधूंना प्रवासात असताना सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाचे सामने पाहता येत नसत. त्यातून त्यांनी २००४ मध्ये स्लिंग मीडिया ही कंपनी काढली आणि २००५ मध्ये स्लिंगबॉक्स बाजारात आणला. हे उपकरण घरच्या सेट-टॉप बॉक्सला जोडले की तेथील चित्र इंटरनेटवरून ग्राहकाच्या संगणकावर पोहोचत असे. २००७ मध्ये डिशची तत्कालीन पालक कंपनी एकोस्टार हिने स्लिंग मीडिया विकत घेतली.

यादरम्यान केबल कंपन्याही आयपॅडकडे वळल्या होत्या. टाइम वॉर्नर केबलने मार्च २०११ मध्ये काढलेले अ‍ॅप ग्राहकाच्या घरातील वाय-फायवरच चालत असे, म्हणजे घराबाहेर पाहण्याची सोय त्यात नव्हतीच. तरीही वाहिन्यांच्या मालक कंपन्यांनी हरकत घेतली. पुढच्याच महिन्यात व्हायाकॉम आणि टाइम वॉर्नर केबल यांनी एकमेकींवर दावे लावले. करारात दिलेली परवानगी दूरचित्रवाणी संचापुरती आहे, असे व्हायाकॉमचे म्हणणे होते, तर दिवाणखान्यातला संच आणि स्वयंपाकघरातला आयपॅड यांत फरक नाही, असे केबल कंपनीचे. हे दावे २०१२ मध्ये निकालाविना मिटले आणि मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला.

हॉपर आणि खटल्याचा आरंभ

डिशने २०१२ मध्ये हॉपर नावाचा सेट-टॉप बॉक्स आणला. ग्राहकाने एकदा सोय सुरू केली की एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स या चार प्रमुख जाळ्यांचे रात्रीच्या मुख्य वेळेतील सर्व कार्यक्रम त्यात आपोआप मुद्रित होत आणि काही दिवस साठवले जात. मे २०१२ मध्ये त्यात ‘ऑटोहॉप’ ही सोय आली. मुद्रित कार्यक्रम पाहताना सर्व जाहिराती तिच्यामुळे आपोआप वगळल्या जात. प्रत्येक जाहिरात कोठे सुरू होते आणि कोठे संपते याच्या खुणा डिशचे कर्मचारी करीत, आणि त्या अचूक आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी कंपनी स्वतःकडे कार्यक्रमांच्या प्रती ठेवत असे. या प्रती पुढे तिला महागात पडल्या.

२४ मे २०१२ रोजी फॉक्सने दावा दाखल केला. जानेवारी २०१३ मध्ये डिशने स्लिंगचे तंत्रज्ञान अंतर्भूत असलेला नवा हॉपर जाहीर केला. त्यामुळे ग्राहकाला ‘डिश एनीव्हेअर’ या अ‍ॅपमधून थेट किंवा मुद्रित कार्यक्रम कोठूनही पाहता येऊ लागले, तर ‘हॉपर ट्रान्सफर्स’ या सोयीने मुद्रित कार्यक्रम आयपॅडवर उतरवून इंटरनेटशिवायही पाहता येत. फेब्रुवारी २०१३ मध्ये फॉक्सने या दोन्ही सोयींविरुद्ध अंतरिम मनाईहुकूम मागितला.

याच सुमारास घडलेला एक प्रसंग वादाची तीव्रता दाखवतो. लास व्हेगास येथील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात सी-नेट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने या नव्या हॉपरची सर्वोत्कृष्ट उत्पादन म्हणून निवड केली होती. सी-नेटची मालकी सीबीएसकडे होती आणि सीबीएस स्वतः डिशविरुद्ध न्यायालयात होती. मालक कंपनीच्या आदेशावरून निवड रद्द झाली, सी-नेटच्या एका पत्रकाराने राजीनामा दिला आणि प्रदर्शनाच्या आयोजकांनी पुढे हॉपरला पुरस्कार देऊन सी-नेटशी असलेला पुरस्काराचा संबंध तोडला.

कायद्यातील मुद्दा

अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्यानुसार कृतीचे ‘सार्वजनिक सादरीकरण’ करण्याचा हक्क प्रताधिकारधारकाकडे असतो आणि लोकांपर्यंत कार्यक्रम प्रसारित करणे हेही सादरीकरणच ठरते. एखाद्याने स्वतःच्या घरचा कार्यक्रम स्वतःलाच पाठवणे मात्र सार्वजनिक नव्हे. त्यामुळे कळ दाबणारा कोण यावर सारा वाद एकवटला. दुसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये केबलव्हिजन कंपनीच्या खटल्यात या प्रश्नाचे एक उत्तर दिले होते. मुद्रण कंपनीच्या सर्व्हरवर होत असले तरी प्रत ग्राहकाच्या आज्ञेने तयार होते, म्हणून ती ग्राहकाने केलेली प्रत होय, असे त्या न्यायालयाने म्हटले होते.

हाच विचार डिशच्या उपयोगी पडला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जिल्हा न्यायालयाने ऑटोहॉपविरुद्धचा अंतरिम मनाईचा अर्ज फेटाळला आणि जुलै २०१३ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. प्रत ग्राहक करतो, डिश नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. जाहिराती वगळण्याविषयी त्याने एक साधी गोष्ट नोंदवली: फॉक्सचा प्रताधिकार कार्यक्रमांवर आहे, जाहिरातींवर नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये डिश एनीव्हेअर आणि हॉपर ट्रान्सफर्स यांविरुद्धचा अर्जही फेटाळला गेला.

एरिओ प्रकरणाचा परिणाम

२५ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एरिओ या कंपनीविरुद्ध निकाल दिला आणि फॉक्सच्या आशा पल्लवित झाल्या. भोपाळमध्ये जन्मलेले चेत कनोजिया यांनी स्थापन केलेल्या या कंपनीने ब्रुकलिनमधील इमारतीत नाण्याएवढे हजारो अँटेना बसवले होते. प्रत्येक ग्राहकाला एक स्वतंत्र अँटेना देऊन ती हवेतून विनामूल्य मिळणारे कार्यक्रम इंटरनेटवरून त्याच्यापर्यंत पोहोचवत असे. आपण केवळ उपकरण भाड्याने देतो, प्रसारण ग्राहक करतो, हा एरिओचा बचाव ६ विरुद्ध ३ मतांनी अमान्य झाला. एरिओचे काम केबल कंपनीसारखेच आहे, असे न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी बहुमताच्या निकालपत्रात लिहिले. एरिओने काही दिवसांतच सेवा थांबवली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

डिश एनीव्हेअरही याच जातीची सेवा आहे, असा युक्तिवाद फॉक्सने लगेच केला. अपील न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये मूळ प्रश्नाला हात न घालता, भरून न येणारे नुकसान होईल हे फॉक्सने दाखवलेले नाही एवढ्याच कारणावरून मनाई नाकारली.

जानेवारी २०१५ चा निकाल

न्यायाधीश जी यांनी एरिओ आणि डिश यांतील फरक स्पष्ट केला. एरिओकडे कार्यक्रम वापरण्याचा कोणताही परवाना नव्हता. डिशने मात्र फॉक्सशी करार केला होता आणि ती ग्राहकाच्या घरापर्यंत कार्यक्रम पोहोचवण्याचे पैसे देत होती. पुढचे प्रसारण ग्राहकाच्या घरातील बॉक्समधून, ग्राहकाच्या आज्ञेने, त्याच्याच उपकरणाकडे होते. म्हणून ते डिशने केलेले सार्वजनिक सादरीकरण ठरत नाही.

निकाल सर्वस्वी डिशच्या बाजूने नव्हता. जाहिरातींच्या खुणा तपासण्यासाठी कंपनीने स्वतः केलेल्या प्रती दोषास पात्र ठरल्या, कारण तेथे ग्राहकाचा हात नव्हता. हॉपर ट्रान्सफर्सच्या बाबतीतही फॉक्सशी असलेल्या कराराचा भंग झाल्याचे न्यायालयाने मानले. कायद्याने ग्राहकाला जे मोकळे ठेवले, ते करारातील एका कलमाने कंपनीला बंद करता येते, ही बाब त्यातून दिसून आली. खटल्याच्या चर्चेत ती सहसा मागे पडते.

तडजोडी

वाद शेवटी वाटाघाटींत मिटले. डिस्नेने मार्च २०१४ मध्ये केलेल्या करारानुसार एबीसीच्या कार्यक्रमांतील जाहिराती पहिले तीन दिवस वगळता येणार नव्हत्या. जाहिरातीचे दर ठरवताना पहिल्या तीन दिवसांतील प्रेक्षकसंख्या धरण्याची तेथे पद्धत होती. सीबीएसने डिसेंबर २०१४ मध्ये आणि फॉक्सने २०१६ मध्ये सात दिवस मिळवले. दूरस्थ पाहण्याची सोय चालू राहिली.

अन्य देशांतील निकाल

जपानमध्ये उलट घडले. ‘मानेकी टीव्ही’ या सेवेत ग्राहक स्वतः विकत घेतलेले सोनीचे उपकरण कंपनीच्या जागेत ठेवत आणि परगावाहून किंवा परदेशातून त्यावर जपानी वाहिन्या पाहत. उपकरण ग्राहकाच्या मालकीचे असले तरी अँटेना जोडून ते चालू ठेवणारी कंपनीच प्रसारण करते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०११ रोजी दिला. ऑस्ट्रेलियात ऑप्टस कंपनीची ‘टीव्ही नाऊ’ ही मुद्रणसेवा पहिल्या न्यायालयात वाचली, पण एप्रिल २०१२ मध्ये पूर्णपीठाने प्रत करण्यात कंपनीचाही हात असल्याचे ठरवले. या दोन्ही सेवांची यंत्रे कंपनीच्या ताब्यात होती. डिशचा बॉक्स ग्राहकाच्या घरात होता.

स्लिंगबॉक्सचे चित्र ग्राहकाच्या घरातून निघत असले तरी त्याच्याशी जोडणी कंपनीच्या सर्व्हरमार्फत होत असे. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि विकलेली उपकरणे निरुपयोगी झाली.