रंग परत येतो म्हणजे काय होतं?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं गॅरेजमध्ये काय काम? काम होतं. आमच्या वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी अजून घरी आहे. निळी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही पुन्हा न रंगवलेली. गेल्या हिवाळ्यात तिचा विटलेला रंग आम्ही हाताने घासून परत आणला, निदान आम्हाला तसं वाटलं. त्यावरून धाकट्या भावाशी आमचं वाजलं. तो वाद नीट समजायला मोटारीच्या रंगाचा थोडा इतिहास बघावा लागतो.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवत. तेलाचा रंग, वर व्हार्निश; एक थर वाळला की घासायचा, मग पुढचा. गाडी रंगून बाहेर पडेपर्यंत आठवडेच्या आठवडे जात. फोर्डने भट्टीत भाजून पक्का होणारा काळा रंग वापरून वेळ वाचवला, आणि १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळी मिळे.

मग १९२३ साली ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीने ‘ड्युको’ आणलं. हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटेल. आपल्याकडे कपाट करणारा कारागीर आजही विचारतो, “साहेब, ड्युको मारायचा का?” त्याला ठाऊक नसतं की तो शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या रंगाचं नाव घेतोय. ड्यूपाँ मूळची दारूगोळ्यातली कंपनी. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून होणारं नायट्रोसेल्युलोज बंदुकीच्या दारूत जातं, सिनेमाच्या रिळात जात असे, आणि पातळ करून फवारलं तर त्याचा रंगही होतो. पहिलं महायुद्ध संपलं, दारूची मागणी आटली, नवं गिऱ्हाईक हवंच होतं. ओकलंड कंपनीच्या १९२४ च्या गाड्या या रंगाने निळ्या होऊन बाजारात आल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि काळ्या रंगाचं राज्य संपलं.

आता आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट. हा लॅकर फवारला की आपोआप चकाकत नसे. घासून चकाकी काढावी लागे. म्हणजे पॉलिश हा म्हातारपणीचा उपचार नव्हता, रंगकामाचाच शेवटचा भाग होता. ड्युको नावाचं पॉलिशही त्याच कंपनीने विकायला काढलं! पुढे अल्किड एनॅमल आलं, ते न घासता चकाके. ऐंशीच्या दशकात रंगावर वेगळा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट, रूढ होत गेला. तो एकदा सोलून निघायला लागला की घासून काहीही उपयोग नाही. तुमच्या गाडीवर काय आहे ते ओळखायचं असेल, तर कोपऱ्यात पॉलिशचा फडका फिरवा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर वर क्लिअरकोट नाही. आमचा फडका निळा झाला.

रंग जातो म्हणजे नेमकं काय होतं? मराठीत आपण ‘रंग उडाला’, ‘विटला’, ‘पांढरा पडला’ असं सहज बोलतो, पण या वेगवेगळ्या घटना आहेत. रंगात दोन गोष्टी असतात: रंगद्रव्याचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा बंध. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वरचा बंध खिळखिळा करतात. कण मोकळे होतात, पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यावर उजेड विखुरतो आणि डोळ्याला पांढुरका थर दिसतो. बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी लागते. हे पांढरं पडणं. काही लाल रंगद्रव्यं मात्र उन्हाने स्वतःच नष्ट होतात; तो रंग खरोखर उडालेला असतो.

वडील दर रविवारी रॉकेलचा फडका फिरवत. गाडी तासभर नवी दिसे. पाटी ओली केली की काळीभोर दिसते ना, तसंच ते: द्रवाने खडबडीतपणा भरून निघतो, उजेड विखुरायचा थांबतो. रॉकेल उडालं की गाडी पुन्हा पांढुरकी, वर धूळ चिकटलेली. आई म्हणायची, वास तेवढा घरात राहतो.

आम्ही काय केलं? गाडी धुतली, तेलकट पॉलिश चोळून रात्रभर मुरू दिलं, मग सौम्य रबिंग कंपाउंडने एका वेळी हातभर जागा घासली, शेवटी मेण. एकट्या टपालाच दोन दिवस गेले. निळा रंग वर येऊ लागला तेव्हा आम्हाला, खरं सांगतो, भरून आलं. पण फडक्यांचा ढीग बघा. तो निळा ढीग म्हणजे वडिलांच्या गाडीवरून निघालेला रंगच होता. घासताना आपण काहीही परत आणत नाही. वरचा मेलेला थर काढतो आणि खालचा उघडा पाडतो. आजच्या कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण सव्वाशे मायक्रॉन भरतात, म्हणजे दोन केसांची जाडी. ती पुंजी दर घासणीला कमी होते.

ती संपतेही. बॉनेटच्या कडेवर आमचा हात जरा जास्त फिरला आणि खालचा करडा प्रायमर दिसला, बोटभर लांब. ओला रंग कडेवरून मागे सरकतो म्हणून तिथे तो मुळात पातळ बसतो, आणि घासणाऱ्याचा सगळा दाब तिथेच येतो. हे आम्हाला नंतर कळलं.

भाऊ पुण्याहून आला, गाडीकडे बघून म्हणाला, “दादा, ही बाबांची गाडी नाही राहिली.” आम्ही त्याला डिकीचं रबर उचलून खालचा, ऊन न लागलेला रंग दाखवला: अगदी आत्ता आणला तसाच गडद. तो म्हणाला, “तो तुझ्या बाबांचा. माझ्या बाबांची गाडी फिकी होती.” तो आमच्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला समज आली तोवर गाडीने बरीच उन्हं खाल्ली होती.

इमारतींच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिस सनद आहे. जुन्या वाहनांसाठी फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याच धर्तीवर तुरीन सनद केली. दोन्हींचा रोख असा, की वस्तूवर साचलेला काळही तिच्या इतिहासाचा भाग आहे, तो सरसकट पुसू नये. वर्गात आम्ही हे वर्षानुवर्षं शिकवलं. फडका हातात आल्यावर मात्र विसरलो.

डिकीचं झाकण आम्ही घासलेलं नव्हतं. ते तसंच राहू द्यायचं ठरलंय, पांढुरकं. बॉनेटच्या कडेवर गंजू नये म्हणून मेण लावतो, रंग लावलेला नाही. भाऊ आला की गाडीला मागूनच वळसा घालतो.

प्रश्न असतील तर घेऊ या.