मातृदिन : मातांचा आणि आईचा

मे महिन्याचा दुसरा रविवार आला की आमच्या मोहल्ल्यात एक वाद ठरलेला असतो. शाळेत जाणाऱ्या मुली रंगीत कागदाची कार्डे करून आईला देतात, मोबाइलवर गुलाबांची चित्रे फिरू लागतात आणि संध्याकाळी चहाच्या हॉटेलात कुणी वडीलधारा माणूस म्हणतो, ‘‘हे आपलं नव्हे. आईची आठवण काय वर्षातून एकदाच ठेवायची?’’ दुसरा म्हणतो, ‘‘एक दिवस तरी ठेवतायत ना पोरं, ठेवू द्या की.’’ आम्ही दोघांचेही ऐकत आलो आहोत. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण हा दिवस कुणी सुरू केला, कशासाठी केला, ही गोष्ट त्या वादात कधी निघत नाही. ती शोधायला बसलो तेव्हा आम्हाला जे सापडले ते कार्डाहून आणि गुलाबाहून फार निराळे होते. तिथे औषधपाणी होते, दुधाची तपासणी होती आणि युद्धातल्या जखमा होत्या.

ही कथा अमेरिकेतल्या पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलखातली आहे. ॲन रीव्ह्ज जार्विस ही बाई १८३२ साली जन्मली. तिला अकरा ते तेरा मुले झाली असे सांगतात. मोठी झाली ती अवघी चार. गोवर, विषमज्वर, घटसर्प असल्या आजारांनी त्या काळी घरेच्या घरे रिकामी होत. आपली मुले मातीला देऊन आलेली ही बाई नशिबाला दोष देत बसली नाही. तिचा भाऊ डॉक्टर होता. त्याची मदत घेऊन १८५८ साली तिने आसपासच्या गावांतल्या बायका एकत्र केल्या आणि ‘मातृदिन कार्यमंडळे’ स्थापन केली. वेबस्टर, ग्राफ्टन, फेटरमन, प्रंटीटाऊन, फिलिपी अशा पाच गावांत ही मंडळे होती.

या मंडळांचे काम काय होते? बायका औषधांसाठी पैसे गोळा करत. बाटलीतले दूध आणि अन्न तपासत. पाणी कसे ठेवावे, घाण कुठे टाकावी, हे घरोघर सांगत. एखाद्या घरातली आई क्षयाने अंथरुणाला खिळली तर त्या घरचे काम करायला मंडळाच्या पैशातून बाई ठेवली जाई. म्हणजे ‘मातृदिन’ हा शब्द पहिल्यांदा वापरात आला तेव्हा तो आईला काही देण्याचा दिवस नव्हता. दुसऱ्यांची मुले जगावीत म्हणून आयांनी मिळून राबण्याचा तो दिवस होता.

पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. हा मुलूख नेमका दोन्ही बाजूंच्या सीमेवर. एकाच घरातला एक भाऊ उत्तरेच्या फौजेत, दुसरा दक्षिणेच्या, अशी स्थिती. याच युद्धात, १८६३ साली, व्हर्जिनियाचा हा पश्चिम भाग तुटून वेगळे राज्य झाला. ॲन जार्विसने आपल्या मंडळांना बजावले की आपण कुणाच्याही बाजूच्या नाही. छावणीत विषमज्वर आणि गोवर शिरला तेव्हा या बायकांनी निळ्या गणवेशाच्या आणि करड्या गणवेशाच्या, दोन्ही सैनिकांची शुश्रूषा केली.

युद्ध संपले तरी गावांतले वैर संपले नव्हते. १८६८ साली तिने प्रंटीटाऊनच्या कचेरीसमोर ‘मातांचा मैत्रीदिन’ भरवला आणि दोन्ही बाजूंच्या माजी सैनिकांना कुटुंबांसह बोलावले. दंगा होईल अशा धमक्या आल्या होत्या. तिने कार्यक्रम रद्द केला नाही, आणि दंगाही झाला नाही. दंग्याच्या अफवेने दुकानांची फळकुटे पटापट खाली येताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या दिवशी त्या बाईने काय साधले ते वेगळे सांगायला नको.

याच सुमारास बोस्टनमध्ये ज्युलिया वॉर्ड हाऊ ही कवयित्री दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचली होती. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांच्या तोंडी असलेले प्रसिद्ध युद्धगीत तिचेच. तीच बाई १८७० साली, युरोपात फ्रान्स आणि प्रशिया एकमेकांचे रक्त सांडत असताना, जगातल्या सर्व स्त्रियांना आवाहन करती झाली की मातांनी एकत्र येऊन युद्धे थांबवावीत. त्यासाठी २ जून हा दिवस तिने सुचवला. १८७३ पासून काही वर्षे अमेरिकेतल्या काही शहरांत तो पाळलाही गेला आणि मग विरून गेला.

आता येते मुलगी. ॲनची कन्या ॲना, जन्म १८६४ चा. ती बारा वर्षांची असताना आईने चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना बायबलमधल्या मातांविषयी शिकवले आणि शेवटी दुआ मागितली, की मानवजातीची अतुलनीय सेवा करणाऱ्या मातांच्या स्मरणाचा एखादा दिवस कुणीतरी, कधीतरी सुरू करो. मुलीने ते मनात ठेवले. ९ मे १९०५ रोजी आई गेली. त्यानंतर ॲनाने पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला. राजकारणी, धर्मोपदेशक, वर्तमानपत्रे, व्यापारी, कुणालाही सोडले नाही. १० मे १९०८ रोजी ग्राफ्टनच्या त्या चर्चमध्ये पहिला मातृदिन रीतसर साजरा झाला. ॲना स्वतः तिथे नव्हती. तिने आईच्या आवडीची पाचशे पांढरी कार्नेशनची फुले पाठवली होती. त्याच दिवशी दुपारी फिलाडेल्फिया शहरात वॉनामेकर यांच्या भव्य दुकानाच्या सभागृहात तिचे भाषण झाले. बाजार या दिवसाच्या जन्मापासूनच उंबऱ्यात उभा होता, हे तेव्हा तिच्या लक्षात आले नसावे.

१९१० साली पश्चिम व्हर्जिनिया राज्याने हा दिवस मान्य केला. ९ मे १९१४ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार राष्ट्रीय मातृदिन म्हणून जाहीर केला. मुलगी जिंकली. पण या विजयात एक फरक पडला होता आणि तो एका वचनाचा होता. आईचा दिवस होता अनेकवचनी, मातांचा. मुलीने आग्रहाने तो एकवचनी केला. प्रत्येकाने आपापल्या घरातल्या एका आईचे स्मरण करावे, घरी जावे, निदान स्वतःच्या हाताने पत्र लिहावे, असे तिचे म्हणणे. भावना खरी होती. पण दिवस मातांचा असतो तेव्हा त्यांना गल्लीत उतरून काम करावे लागते, आणि दिवस आईचा होतो तेव्हा तिला खुर्चीत बसवून फूल देता येते. फूल विकत मिळते.

पुढचे सगळे ॲनाने डोळ्यांनी पाहिले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कार्नेशनचे भाव चढू लागले. पांढरी फुले पुरेनात तेव्हा फुलवाल्यांनी नवी रीत काढली, आई हयात असेल तर रंगीत फूल, नसेल तर पांढरे. मिठाईवाले आले, छापील कार्डवाले आले. ॲना खवळली. तिने या दिवसाच्या नावावर आपला हक्क नोंदवला होता, ती खटल्यांच्या धमक्या देऊ लागली. १९२३ साली ती मिठाईवाल्यांच्या अधिवेशनात घुसली. १९२५ साली सैनिकांच्या मातांची संघटना कार्नेशन विकून निधी जमवत होती, तिथे जाऊन तिने गोंधळ घातला आणि शांतताभंगाबद्दल तिला अटक झाली. वॉनामेकरच्याच उपाहारगृहात ‘मातृदिन सॅलड’ नावाचा पदार्थ दिसला तेव्हा तिने तो मागवला, जमिनीवर ओतला आणि पैसे टेबलावर ठेवून ती चालती झाली, असाही किस्सा सांगतात. शेवटी शेवटी तर हा दिवस रद्दच करावा म्हणून ती सह्या गोळा करत होती. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी पेनसिल्व्हानियातल्या एका शुश्रूषागृहात ती वारली. तिने लग्न केले नव्हते, मूलबाळ नव्हते, दृष्टी गेली होती, हाती पैसा उरला नव्हता. शुश्रूषागृहाचे काही बिल फुलांच्या आणि कार्डांच्या व्यापाऱ्यांनी परस्पर भरले, असे म्हणतात. आयुष्यभर ज्यांच्याशी ती भांडली, त्यांनीच!

तर हा इतिहास. ‘‘हे पाश्चात्त्यांचं फॅड आहे’’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की या फॅडावर सर्वांत मोठा हल्ला ते सुरू करणाऱ्या बाईनेच केला होता. शिवाय आईसाठी एक दिवस राखण्याची कल्पना एकट्या पाश्चात्त्यांची नाही. आपल्या महाराष्ट्रात पिठोरी अमावास्या हा मातृदिन म्हणून पाळत आले आहेत. आई नैवेद्य डोक्यावर धरून ‘अतिथी कोण?’ विचारते आणि मागे उभी असलेली मुले आपापले नाव सांगतात. शेजारच्या घरातला हा प्रसंग आम्ही लहानपणी दारातून पाहिला आहे आणि त्यातली खीरही खाल्ली आहे.

मुस्लिम जगातही मातृदिनाची स्वतःची कथा आहे. अरब देशांत हा दिवस मेमध्ये नसतो, २१ मार्चला, वसंताच्या पहिल्या दिवशी असतो. त्याची सुरुवात कैरोच्या मुस्तफा अमीन आणि अली अमीन या जुळ्या पत्रकार भावांनी केली. ‘अखबार अल-यौम’ हे वृत्तपत्र त्यांनी १९४४ साली काढले होते. एक विधवा त्यांच्या कचेरीत आली, असे सांगितले जाते. नवरा गेल्यावर तिने मुलाला एकटीने वाढवले, डॉक्टर केले, लग्न लावून दिले. आता तो भेटायलाही येत नव्हता. भावांनी आपल्या सदरातून वाचकांपुढे प्रश्न ठेवला, वर्षातला एक दिवस आईचा का असू नये? पत्रांचा पाऊस पडला. २१ मार्च १९५६ रोजी इजिप्तमध्ये पहिला मातृदिन साजरा झाला आणि तिथून तो अरब देशांत पसरला. १९६५ साली मुस्तफा अमीन यांना अटक झाली, तेव्हा सरकारने या दिवसाचे नाव बदलून ‘कुटुंबदिन’ करण्याचा प्रयत्न केला. आयांनी निषेधाची पत्रे पाठवली आणि जुने नाव परत आले. इथे मात्र माता अनेकवचनात बोलल्या होत्या.

तिथेही वाद झाले. काही उलेमांनी ‘ईद दोनच, तिसरी कुठून आणली?’ असा आक्षेप घेतला. काहींनी ही इबादत नव्हे, सामाजिक रीत आहे, म्हणून मान्यता दिली. आम्ही त्या शास्त्रार्थात शिरत नाही. आम्हाला आठवते ती हजरत हाजरा. निर्जन वाळवंटात तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत ती सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावली. हज आणि उमरा करणारा प्रत्येक जण आजही त्या सात फेऱ्या घालतो. मधल्या एका टप्प्यावर हिरवे दिवे लावलेले आहेत. तिथे पुरुषांनी धावायचे असते. राजा असो की रंक, एका आईच्या घालमेलीत त्याला स्वतःचे पाय घालावे लागतात. हाजराचे स्मरण तिचे कष्ट पुन्हा करूनच होते.

आणखी एक आक्षेप इजिप्तमध्ये निघाला होता, ज्यांना आई नाही त्या मुलांनी या दिवशी काय करायचे? आक्षेप मोलाचा आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) सहा वर्षांचे असताना त्यांच्या मातोश्री आमिना प्रवासात अबवा येथे वारल्या. पुढे दूधआई हलीमा भेटीला आल्या तेव्हा पैगंबरांनी त्यांना बसायला आपली चादर अंथरली, असे सांगितले जाते. आई फक्त जन्म देणारीच नसते, हे आपल्या परंपरेला ठाऊक आहे.

आम्हाला ते फार लवकर कळले. आमची अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू, दिवसभर मान खाली. आम्ही चौथीत असताना तिचा खोकला वाढला आणि डॉक्टरांनी टीबी सांगितला. ती सात महिने अंथरुणावर होती. त्या सात महिन्यांत आमच्या घरी चूल अशी पेटलीच नाही, आणि आम्ही उपाशीही झोपलो नाही. गल्लीतल्या चार बायकांनी दिवस वाटून घेतले होते. स्वतःच्या हजार विड्या पुऱ्या करून त्या आमच्या भाकऱ्या थापायच्या. कुणी त्यांना मंडळ म्हटले नाही, त्यांनी फंड जमवला नाही, ग्राफ्टन हे नाव त्यांनी ऐकलेही नव्हते. पण १८५८ साली ॲन जार्विस जे करत होती, तेच त्या करत होत्या. अम्मा उठली, त्यानंतर एकोणीस वर्षे जगली. तिचा सन्मान आम्ही आमच्या परीने केला. त्या चौघींचा कधीच केला नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या नातीने तिच्या आईसाठी कार्ड केले. ते रंगवून होईपर्यंत आम्ही तिला ही सगळी गोष्ट सांगितली, ग्राफ्टनची आणि आमच्या गल्लीचीही. तिने ब्रश खाली ठेवला आणि विचारले, ‘‘त्या चौघींची नावं काय होती?’’ आम्ही तीन नावे सांगितली. चौथे आठवेना. खरे तर ते आम्हाला कधी माहीतच नव्हते. सारी गल्ली तिला तिच्या थोरल्या मुलाची अम्मा म्हणूनच हाक मारायची. नात म्हणाली, ‘‘मग विचारा ना कुणाला तरी.’’ तिचा तो मुलगा आता सत्तरीचा आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. येत्या रविवारी त्याच्याकडे जायचे आम्ही ठरवले आहे.