खळं, शेड आणि दिंडीचा मुक्काम

आमच्या हमरापुरात जमिनीला हंगाम असे. आषाढात भातलावणी, म्हणून आम्हां कोकणी वारकऱ्यांना कार्तिकी सोयीची. झोडणी उरकली की त्याच ओलीवर वाल. मोकळ्या खळ्यात दिंडी उतरे, कीर्तन होई.

पुढे पेणची गणपतीची कला हमरापूर, जोहे, कळवे इकडे पसरली. आधी पडवीत, मग शेतात शेड. भाकर मिळाली, खोटं कशाला बोला. १९६६ च्या महसूल संहितेने बिनशेतीला परवानगी ठेवली. पण कागद मिळो न मिळो, भराव पडला की शेजाऱ्याच्या भाताचं पाणी तुंबतं. २००८ साली सेझवर तालुक्यातल्या २२ गावांत मतदान झालं. कंपनीविरुद्ध बोलणं सोपं. भाऊबंदाच्या भरावाला बोलायचं कसं?

आता गणपती गेले की साचे बाजूला सारून शेडवालेच दिंडीला जागा देतात.